एल५-एस१ ची गादी सरकलीय, पायात कळ जाते. कायरोप्रॅक्टरकडे जाऊ का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, बसवत नाही म्हणून उभ्यानेच मोबाईलवर टाइप करतोय.

वय ४१, काम दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी बुटाची लेस बांधायला वाकलो आणि कमरेत चमक भरली. वाटलं उसण आहे, दोन दिवसांत जाईल. तिसऱ्या दिवशी कमर खरंच मोकळी झाली पण डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पार करंगळीपर्यंत अशी कळ सुरू झाली की नुसतं शिंकलो तरी डोळ्यांसमोर काजवे चमकतात. पावलाची बाहेरची कड बधिर, सतत मुंग्या. दहा मिनिटांच्या वर बसता येत नाही, रात्री कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेतली तर तेवढी झोप लागते.

एमआरआय केला. एल५-एस१ ला (कमरेचा सगळ्यात खालचा मणका आणि त्याखालचं हाड यांच्या मधल्या गादीला) डाव्या बाजूला डिस्क एक्स्ट्रूजन, म्हणजे गादीतला गर बाहेर आलाय, आणि एस१ ची नस दबलीय असं रिपोर्टात आहे. सर्जन म्हणाले आत्ता ऑपरेशनची घाई नाही, सहा ते बारा आठवडे वाट पाहू, गोळ्या घ्या, चालत राहा. आता वाट पाहा म्हणणं सोपं आहे हो, पण इथे रात्र रात्र जाते ना.

ऑफिसमधल्या एकाने कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्यांचे, व्हिडिओ पाठवले. माणूस वाकडा आत येतो, ते त्याला टेबलवर झोपवतात, कडाड असा आवाज येतो आणि तो सरळ चालत बाहेर. बघून मोह होतोय आणि तितकीच भीतीही वाटतेय. गादी खरंच अशी आत बसते का? कोणी स्वतः गेलंय का? जे असेल ते स्पष्ट सांगा.

रानजाई

मी गेलेय. माझी एल४-एल५ ची, म्हणजे तुमच्या वरची गादी होती, उजवा पाय. एकूण अकरा वेळा गेले, साधारण तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून फरक जाणवायला लागला.

पण दादा, तुम्ही व्हिडिओत बघताय तसलं काही माझ्या बाबतीत झालंच नाही. पहिल्या दिवशी तर त्यांनी कमरेला हात लावला तो फक्त तपासायला. पाऊण तास नुसते प्रश्न, मग हातोडीने गुडघा आणि घोट्याचे रिफ्लेक्स बघितले, टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, अंगठा वर ओढून धरा म्हणाले आणि स्वतः खाली दाबून बघितला, पाय सरळ ठेवून वर उचलला तेव्हा किती अंशाला कळ येते ते बघितलं. लघवीला काही त्रास आहे का, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटतो का, हेही विचारलं. मला तेव्हा कळेना की कमर दुखतेय तर हे का विचारतात.

मग ट्रीटमेंट म्हणजे एक टेबल असतं त्याचा पायाकडचा अर्धा भाग हळूहळू खाली जातो. आपण पालथं झोपायचं, ते एका हाताने मणका धरून ठेवतात आणि दुसऱ्या हाताने टेबल खाली-वर करत राहतात, अगदी संथ. कमर ताणली जाते. फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन म्हणतात त्याला. कडाकडा आवाज एकदाही नाही. उठल्यावर पहिले दोन-तीन तास पाय हलका वाटायचा, नंतर परत दुखायचं, मग हळूहळू ते तास वाढत गेले.

कातळ

जाऊ नका. एवढंच सांगतो.

माझ्या मेहुण्याला असंच कोणीतरी सुचवलं होतं. तिथे पहिल्याच दिवशी, रिपोर्टचं पाकीट न उघडता, कुशीवर वळवून एक पाय खाली सोडून असा पिळला की तो ओरडला. दुसऱ्या दिवशी पाऊल वर उचलता येईना, चालताना चवडा जमिनीला घासायचा. चार दिवसांत ऑपरेशन करावं लागलं. दुखणं गेलं पण पाऊल पूर्ण ताकदीने उचलायला आठ महिने गेले आणि अजूनही जिना चढताना ते पाऊल लडबडतं. ज्याने केलं तो नंतर फोन घेत नव्हता. मी हे कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये, आमच्या घराने ते दिवस काढलेत म्हणून लिहितोय.

नितळ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं हेच काम करते. कायरोप्रॅक्टर नाही, पण असे पेशंट रोज बघते. पाऊलवाट, तुमचा पहिला प्रश्न आधी घेते कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

गादी आत बसत नाही. कोणीही बसवू शकत नाही, ना हाताने ना टेबलने. मुळात ती "सरकत" पण नाही, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत मऊ गर अशी रचना. कडीला चीर पडते आणि त्यातून गर बाहेर येतो, त्यालाच हर्निएशन म्हणतात, आणि तिथेच मागच्या बाजूला नस उभी असते. नुसती दबते म्हणून नाही दुखत, त्या गरामुळे तिथे जी सूज येते त्याने नस चिडते. म्हणून तर कधी मोठी हर्निएशन असून माणूस बरा असतो आणि छोटी असून लोळत असतो. कमरेतल्या बहुतेक सगळ्या हर्निएशन एल४-एल५ आणि एल५-एस१ या दोनच जागी होतात, सगळा वाकण्याचा आणि वजनाचा मारा तिथेच असतो.

तो कडाड आवाज हाडाचा नाहीच आणि गादीचाही नाही. मणक्याच्या मागे छोटे सांधे असतात, त्यांच्यातल्या पाण्यासारख्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, बोटं मोडताना होतं तसंच. २०१५ मध्ये चालत्या एमआरआयमध्ये बोट मोडताना हे दिसलेलं आहे. आवाज आला म्हणजे काम झालं असं नसतं आणि नाही आला म्हणजे नाही झालं असंही नसतं.

आता चांगली बातमी, जी पेशंटला कोणी नीट सांगत नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतः खाऊन टाकतं. आपल्या रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे जातात आणि तो हळूहळू आक्रसतो. आणि उलटं वाटेल पण जितका जास्त बाहेर तितका जास्त विरघळतो. २०१५ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता त्यात तुटून वेगळे झालेले तुकडे ९६ टक्के वेळा कमी झाले, एक्स्ट्रूजन ७० टक्के, आणि नुसता फुगवटा (बल्ज) असेल तर फक्त १३ टक्के. म्हणजे तुमच्या रिपोर्टात एक्स्ट्रूजन हा शब्द वाचून जीव घाबरला असेल, पण निसर्गाच्या दृष्टीने तो साध्या बल्जपेक्षा बरा.

पाऊलवाट

नितळताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं मला. एक्स्ट्रूजन वाचून मी तर तीन रात्री नेटवर काय काय वाचत बसलो.

पण मग गादी आत बसतच नसेल तर रानजाईंना आराम कशाने पडला? आणि आपोआपच बरं होणार असेल तर जायचंच कशाला?

नितळ

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत.

आराम पडतो तो साधारण असा. नस दुखायला लागली की आजूबाजूचे स्नायू आवळून धरतात, सांधे जखडतात, माणूस एका बाजूला कलतो. हाताने हालचाल दिली की ते आवळणं सुटतं, आणि सांध्यांतून मेंदूकडे जाणारे संदेश दुखण्याचे संदेश काही काळ दाबून टाकतात. त्या मोकळ्या दोन-तीन तासांत माणूस चालू शकतो, व्यायाम करू शकतो, झोपू शकतो. माझ्या मते कायरोप्रॅक्टिकची खरी किंमत तिथे आहे, तो वेळ कसा वापरला यात. नुसतं टेबलवर झोपून आले आणि घरी जाऊन परत सोफ्यावर पडले तर फार काही पदरात पडत नाही.

अभ्यास आहेत. २००६ मध्ये १०२ पेशंटवर एक झाला, कमरेत प्रोट्रूजन (गादीचा एक भाग पुढे आलेला, पण एक्स्ट्रूजनपेक्षा कमी) आणि पायात कळ असणारे. अर्ध्यांना खरं मॅनिप्युलेशन, म्हणजे मणक्याला हाताने दिलेला झटका, दिलं, अर्ध्यांना नुसतं केल्यासारखं दाखवलं. शेवटी पायातली कळ पूर्ण गेली अशांचं प्रमाण खऱ्या गटात ५५ टक्के आणि खोट्या गटात २० टक्के. फरक मोठा आहे, पण बघा, खऱ्या गटातल्याही जवळजवळ निम्म्यांची कळ पूर्ण गेली नाही. २०१४ मध्ये १९२ जणांवर एक झाला, एका गटाला घरचे व्यायाम आणि सल्ला, दुसऱ्याला त्याच्यासोबत मॅनिप्युलेशन. बारा आठवड्यांना मॅनिप्युलेशनवाले पुढे होते, वर्षभराने पायाच्या दुखण्यात दोन्ही गट जवळजवळ सारखेच.

ऑपरेशनचंही असंच आहे बरं का. २००७ चा एक मोठा अभ्यास आहे, २८३ पेशंट, सहा ते बारा आठवडे जबर सायटिका, म्हणजे तुमच्यासारखी पायात जाणारी कळ असलेले. लवकर ऑपरेशन केलेले लवकर बरे झाले हे खरं, पण वर्षभराने दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मधे ऑपरेशन करून घेतलं कारण सहन होईना, आणि त्यात चूक काही नाही. म्हणजे बरं व्हायला जायचं नसतं, बरं होईपर्यंतचे दिवस सुसह्य व्हावेत म्हणून जायचं असतं. ज्याची रात्र रात्र जाते त्याला हे छोटं वाटत नाही.

कातळ, तुमच्या मेहुण्यांचं वाचून फार वाईट वाटलं. एक विचारू का? तिथे जायच्या आधी त्यांच्या पायात ताकद कमी झाल्याचं काही लक्षात आलं होतं का?

कातळ

आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. आधीचे आठ-दहा दिवस त्याची चप्पल पायातून निसटायची. चालता चालता मागे राहायची. आम्हाला वाटलं चप्पल सैल झालीय, नवीन आणली. ती पण निसटायची.

नितळ

तेच. चप्पल निसटते म्हणजे अंगठा आणि पाऊल वर उचलणारे स्नायू आधीच ढिले पडले होते, ती एल५ नस. ताकद जायला लागलेल्या माणसाला पिळून ॲडजस्टमेंट द्यायचीच नसते, त्याला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायचं असतं. टाचांवर दहा पावलं चालायला लावलं असतं तरी कळलं असतं, दोन मिनिटांचं काम.

रानजाईंना जे प्रश्न विचारले ना, लघवी, मांड्यांमधला बधिरपणा, ते यासाठीच. सगळ्यांनी हे लक्षात ठेवा कृपया: लघवी तुंबणे किंवा कळत नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर होणे, दोन्ही पायांत अचानक अशक्तपणा. यातलं काहीही झालं तर कायरोप्रॅक्टर नाही, फिजिओ नाही, उद्या सकाळ नाही, सरळ इमर्जन्सी. कमरेतल्या नसांचा सगळा जुडगाच दबतो त्याला कॉडा इक्वायना म्हणतात, तिथे तासांवर हिशोब असतो.

शेवंती

मी पेशंट नाही पण माझ्या आईसाठी यावर बरंच वाचलंय म्हणून थोडं मागचं सांगते.

ही पद्धत अमेरिकेत १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली, आणि गंमत म्हणजे पहिला पेशंट पाठदुखीचा नव्हताच, त्याला ऐकू कमी यायचं. पामरचं म्हणणं होतं की मणके किंचित जागचे हलतात, नसा दबतात आणि त्यातून जवळजवळ सगळे रोग होतात. सब्लक्सेशन म्हणायचे त्याला. तर आज या क्षेत्रात दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक जे स्वतःला पाठ-मान-सांध्यांपुरतं मर्यादित ठेवतात, डॉक्टरांना चिठ्ठी लिहितात, व्यायाम देतात. आणि दुसरे जे अजून ते सब्लक्सेशन धरून बसलेत आणि दमा, पचन, सगळ्याला मणकाच कारणीभूत सांगतात. आईला आम्ही आधी दुसऱ्या प्रकारच्याकडे नेलं होतं. पहिल्याच भेटीत चाळीस सेशनचं पॅकेज, सगळे पैसे आधी, आणि "आत्ता नाही केलंत तर मणका कायमचा बाद" असं ऐकवलं. आई घरी येऊन रडली. तिची हाडं ठिसूळ आहेत, ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्या चालू आहेत, हे त्यांनी विचारलं सुद्धा नाही!! ठिसूळ हाडांवर झटका दिला तर फ्रॅक्चर होऊ शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, कॅन्सर होऊन गेला असेल, ताप आणि पाठदुखी एकत्र असेल तर ते सगळं आधी सांगायचं, समोरचा विचारो न विचारो.

आणि डिग्री बघा. अमेरिकेत पन्नासही राज्यांत लायसन्स लागतं, ब्रिटनमध्ये १९९४ पासून कायदा आहे आणि नोंदणी असल्याशिवाय ती पदवी लावता येत नाही. जिथे असा कायदा नाही तिथे चार दिवसांचा कोर्स करून कोणीही पाटी लावतो.

उंबरठा

माझी मानेतली आहे, सी५-सी६. मानेलाही झटका देतात का? चालतो का?

नितळ

उंबरठा, कमरेचं सगळं मानेला लागू करू नका. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांच्या हाडातूनच वर जातात. मान जोरात फिरवल्यानंतर त्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडून लकवा झाल्याच्या नोंदी आहेत. फार विरळ, पण झालं तर परत न येणारं. मी माझ्या माणसाला मानेचा झटका घेऊ देणार नाही, हलक्या हाताच्या पद्धती आणि व्यायाम आहेत की. तुमच्या हातात ताकद कमी वाटते का, बटण लावताना बोटं चुकतात का, चालताना तोल जातो का, हे बघा आणि असेल तर आधी न्यूरोसर्जन.

पाऊलवाट

मंडळी, जाऊन आलो. तीन वेळा.

तुम्ही सांगितलंत म्हणून फोनवरच विचारलं की डिग्री कोणती आणि पहिल्या दिवशी काय करता. एमआरआयची सीडी मागितली, फक्त रिपोर्ट नको म्हणाले, तिथेच जरा धीर आला. रानजाईंसारखंच सगळं तपासलं. घोट्याचा रिफ्लेक्स डावीकडे जवळजवळ नाहीच. टाचांवर चाललो व्यवस्थित, पण एका पायावर उभं राहून टाच उचलत चवड्यावर यायला लावलं तर उजव्यावर पंचवीस वेळा आणि डाव्यावर सहा. मला माहीतच नव्हतं माझी पोटरी इतकी अशक्त झालीय! ते म्हणाले हे सर्जनना कळवतो, दर वेळी मोजू, कमी झालं तर इथलं थांबवून तिकडे. झटका दिला नाही, तेच खाली-वर होणारं टेबल. घरी पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायचा व्यायाम दिलाय, दर दोन तासांनी दहा वेळा.

आता घाबरलोय ते यामुळे: कालपासून पायातली कळ पोटरीच्या खाली जात नाहीये पण कमर मात्र जास्त दुखायला लागलीय, आज तर कुल्ल्यात आणि कमरेतच आहे सगळं. बिघडलं का काही?

नितळ

अहो, हे बिघडणं नाही, हेच तर हवं असतं! दुखणं पायातून वर सरकत कमरेकडे गोळा होणं याला सेंट्रलायझेशन म्हणतात. रॉबिन मॅकेन्झी नावाचे न्यूझीलंडचे फिजिओ होते, त्यांना १९५६ मध्ये एका पेशंटवरून हे योगायोगाने लक्षात आलं. तो पेशंट चुकून टेबलवर पाठ मागे वाकवलेल्या अवस्थेत पालथा झोपून राहिला आणि त्याच्या पायातलं दुखणं गेलं. कमर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पाय रिकामा होतोय ना ते बघायचं. उलटं झालं, म्हणजे कमर बरी आणि कळ पावलाकडे उतरायला लागली, तर तो व्यायाम किंवा ती ट्रीटमेंट त्याच दिवशी थांबवा.

आणि पोटरीचा बाहेरून मोजता येणारा आकडा मिळालाय तुम्हाला, तो सोडू नका. मुंग्या आणि बधिरपणा जायला महिने लागतात, त्याकडे बघून निराश व्हाल. आकडा खरं सांगेल.

रानजाई

दादा माझंही असंच झालं होतं, मी तर कमर दुखते म्हणून दोन अपॉइंटमेंट रद्द केल्या होत्या. चालणं सोडू नका. मी सुरुवातीला पाच मिनिटं चालायचे आणि भिंतीला टेकून उभी राहायचे, मग परत पाच मिनिटं. झोपून राहिले ते दिवस सगळ्यात वाईट गेले.

पाऊलवाट

अकराव्या आठवड्याचा हिशोब देतो. एकूण नऊ वेळा गेलो, आता त्यांनीच बंद करायला सांगितलंय, व्यायाम चालू ठेवा म्हणाले. सलग पन्नास मिनिटं बसतो, मग उठून फेरी मारतो. रात्री झोप लागते. शिंकलो तर कमरेत थोडं जाणवतं, पायात नाही. करंगळी अजून बधिर आहे. डाव्या पायावर टाच उचलणं काल सतरा वेळा.

सर्जनना दाखवलं, ते म्हणाले ऑपरेशनचा विषय आता नाही. आता सांगा, परत एमआरआय करून बघू का गादी कितपत आत गेली ते?

नितळ

सतरा! फार बरं वाटलं वाचून.

एमआरआय नको. पाय बरा असताना चित्रात काही दिसलं तर उगीच डोक्याला त्रास. १९९४ मध्ये अजिबात पाठ न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते तर निम्म्याहून जास्त लोकांना कुठेतरी बल्ज होता आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांना प्रोट्रूजन. ताकद कमी व्हायला लागली किंवा कळ परत पायात उतरली तर बघू. तोवर पंचवीसपर्यंत जायचंय.

कातळ

पाऊलवाट, बरं वाटलं. मेहुण्याला हे सगळं वाचायला दिलं. त्याने आज सकाळी एका पायावर टाच उचलून आणि टाचेवर उभं राहून दोन्ही मोजलं आणि भिंतीवर तारीख घालून आकडे लिहून ठेवलेत.